नीट टाकलात ना, बाबा?

डबा उघडून अक्षताने पोळीचा पहिला तुकडा मोडला आणि टेबलावरचा फोन थरथरला. आयकर खात्याच्या पोर्टलवरून ओटीपी आला होता. सहा आकडे, आणि खाली नेहमीची ताकीद, हा कोणालाही सांगू नका. तिने तर काहीच मागवलं नव्हतं. कोणीतरी आपल्या नावाने आत शिरायला बघतंय असं वाटलं, आणि तो कोणीतरी कोण हे लगेच लक्षात आलं तेव्हा हातातला तुकडा परत डब्यात गेला. जुलै अर्धा सरला होता. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये गॅलरीतल्या टेबलाशी बाबा बसले असणार, समोर लॅपटॉप, डाव्या हाताला तिची प्लास्टिकची फाईल, चष्मा कपाळावर. दरवर्षी तिचं रिटर्न तेच भरत. नोकरी लागली त्या वर्षापासून. हडपसरच्या या कॅन्टीनमध्ये आत्ता शंभर माणसं जेवत होती, कोणीतरी मोठ्याने हसत होतं, ताटं एकमेकांवर आपटत होती, आणि तिला मात्र गॅलरीतल्या पंख्याची किरकिर ऐकू यायला लागली. मग फोन वाजलाच.

"आला का गं?"

"काय, बाबा?"

"काय बाबा काय! ओटीपी. म्हटलं यंदा तुझ्यापासून सुरुवात करू, बाकीच्यांचं मग बघू. सांग पटकन, इथे घड्याळ उलटं पळतंय."

आणि तिचं रिटर्न भरून झालं होतं. मागच्याच आठवड्यात. कंपनीने एक सीए बोलावला होता, पुष्कर नावाचा, मीटिंग रूममध्ये दोन दिवस बसला होता, ज्याला हवं त्याने जावं. ती दारावरून दोनदा पुढे गेली आणि तिसऱ्यांदा आत शिरली. त्याने वर न बघता विचारलं, "ओल्ड रेजीम की न्यू, मॅम?" ती म्हणाली, जुनी करप्रणाली. घराचं कर्ज आहे. त्याने पुढचं काही विचारलं नाही, तिच्या चहावर साय धरायच्या आत सगळं भरून मोकळा झाला. तिला वाटलं होतं की आपल्याला काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही, आणि तेच लिफ्टमध्ये उभं असताना फार वाटलं. त्या रविवारी बिबवेवाडीला जाऊन बाबांना सांगायचं ठरवलं होतं. गेली, आमटीभात खाल्ला, आईबरोबर पडद्याचं कापड बघून आली, आणि न सांगताच धायरीला परतली. पासवर्डही बदलला नाही. बदलला तर त्यांना कळेल म्हणून. त्यांना जुन्या पासवर्डने आत जाता आलं तर सगळंच कळेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता फक्त हे सहा आकडे मध्ये होते. हे जादा कुलूपही बाबांनीच दोन वर्षांपूर्वी हौसेने लावून घेतलं होतं. पासवर्ड चोरीला गेला तरी तुझ्या फोनशिवाय कोणाला आत जाता येणार नाही, असं त्यांनी तिला अभिमानाने समजावून सांगितलं होतं.

"नाही आला अजून," ती म्हणाली.

"रेंज नसेल तुझ्या त्या काचेच्या डब्यात. थांब, परत पाठवतो."

परत आला. आता नाही म्हणणं शक्य होतं का? होतं. मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करू, असं म्हणणंही शक्य होतं. बाबा, मी भरून टाकलंय, असंसुद्धा. चारच शब्द. ते तिच्या तोंडात तयार होते, त्यांची चवही तिला कळत होती. पण तिने आकडे वाचायला सुरुवात केली, आणि चौथ्या आकड्याला सातच्या जागी एक म्हणाली. कसं म्हणाली, कोणी म्हणायला लावलं, हे तिला पुढे कितीही आठवून सापडलं नाही. बाबांनी आकडे एकेक करून परत उच्चारले. त्यांची ती जुनी सवय, कचेरीतली. त्यांनी बरोबर ऐकलं होतं. जे तिने सांगितलं ते अगदी बरोबर ऐकलं होतं. एका बोटाने टाईप केल्याचा आवाज आला.

"चुकीचा म्हणतंय."

तेव्हा ती म्हणाली, "नीट टाकलात ना, बाबा?"

पलीकडे त्यांनी आकडे पुन्हा एकदा पुटपुटले. मग, "टाकला की. थांब, परत मागवतो." या वेळी त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. पुन्हा आकडे आले, पुन्हा तिने एक बदलला, आता तर ठरवून, कारण एकदा चुकीचा सांगितल्यावर दुसऱ्यांदा बरोबर सांगणं म्हणजे सगळंच उघडं पडणं. पुन्हा त्यांनी आकडे म्हटले, सावकाश, शाळेतल्या मुलाने पाढा म्हणावा तसे. पुन्हा तेच. मग बंदच झालं, आता काही वेळ आत जाता येणार नाही असा मजकूर त्यांनी तिला वाचून दाखवला. मागून आईची हाक ऐकू आली, अहो, पानं घेतलीत, या.

"काहीतरी माझंच होतंय," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुपारभर ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसली. शेजारची तनुजा दोनदा काही विचारून गेली, तिने दोनदा हो म्हटलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा काहीतरी वाचवत असतो, अशी तिची समजूत होती. आपण काय वाचवलं? बाबांचा मान, असं ती स्वतःला सांगत होती. ते थकलेत, त्यांना कळू नये की त्यांच्या लेकीने त्यांच्यावर भरवसा ठेवणं सोडलंय. हे ऐकायला बरं वाटत होतं. पण भरवसा सोडल्याचं दुःख वेगळं आणि स्वतःच्या बोटांवरचा, स्वतःच्या कानांवरचा भरवसा जाणं वेगळं. पहिलं टाळण्यासाठी आपण दुसरं त्यांच्या हातात दिलं, हे तिला दुपारी चारच्या सुमारास, कॉफीच्या मशीनपाशी उभी असताना, अगदी स्वच्छ दिसलं. कप भरून वाहायला लागला तरी तिने बटणावरचं बोट काढलं नाही.

मागच्या वर्षीचं सगळं आठवत होतं. बाबा म्हणाले होते, यंदा टॅक्स जरा जास्त बसला बुवा, आणि तिने त्यांनी सांगितला तेवढा भरला होता. ऑक्टोबरात कधीतरी आनंदने, तिच्या नवऱ्याने, सहज म्हणून कागद ताडून पाहिले. बाबांकडून जुनी करप्रणाली निवडायचीच राहून गेली होती, आपोआप नवी लागली होती, घराच्या कर्जाची सवलत वाया गेली होती. मुदत उलटून गेली होती, दुरुस्तीही होत नव्हती. आनंद चिडला नाही. तो चिडत नाही, हेच त्याच्याशी भांडणं अवघड करतं. तो म्हणाला, "पैशाचं सोड गं. पण आता त्यांनी थांबायला हवं." ती म्हणाली, "मग तू सांग." तो म्हणाला, "मी कसा सांगू? जावई आहे." तेव्हा ते तिथेच राहिलं. पण त्यानंतर तिला बाबांच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं. एकदा त्यांनी तिला राधा म्हणून हाक मारली. राधा म्हणजे त्यांची बहीण, जाऊन पंधरा वर्षं झालेली. एकदा ती गाडी लावत होती तेव्हा बाबा खाली, सोसायटीच्या नावांच्या पाटीसमोर उभं राहून ती पाटी वाचत होते, वरून खालपर्यंत. ती जवळ गेल्यावर म्हणाले, "रंग उडालाय बघ." रंग खरोखरच उडाला होता. मग त्यात काय होतं? काही नव्हतं. की होतं? म्हातारा माणूस पाटी वाचतो तेव्हा तो पाटी वाचत असतो की आपलं नाव शोधत असतो, हे बाहेरून कसं कळावं?

आणि हा माणूस कोण होता. सुखदेव, खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलणाऱ्याचा मुलगा. त्यांच्या घरात लिहिता येणारे ते पहिले. पुण्यात सरकारी हिशेब कचेरीत कारकून म्हणून लागले आणि साहेब होऊन बाहेर पडले. तिच्या लहानपणी जुलैत संध्याकाळी घरात जेवायला जागा नसे, इतके कागद. कचेरीतले शिपाई, वस्तीतले मास्तर, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळ्यांची विवरणपत्रं बाबा भरत. फुकट. कोणी पेढे आणले तर त्यातला एक उचलून बाकीचे परत करत. कोणी जरा घुटमळत काही लपवता येईल का विचारलं तर म्हणत, "सरकारला फसवायचं असेल तर पलीकडच्या गल्लीत दुकान आहे. इथे नुसतं भरून मिळतं." आई डिंकाने पावत्या चिकटवायची, अक्षता टाचण्या लावायची. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा बाबांची साठी झाली होती. त्यांनी क्लास लावला. वीस वर्षांच्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसून शिकून आले. तिच्या पहिल्या नोकरीच्या वेळी, तिने न बघता सही करायला पेन उचललं तेव्हा त्यांनी कागदावर तळहात ठेवला होता. "आधी वाच." ती म्हणाली, "तुम्हीच तर भरलंय." "म्हणूनच वाच. बाप आहे म्हणून चुकणार नाही असं कुठे लिहून ठेवलंय?" तेव्हा ती हसली होती. तो तळहात तिला अजून दिसत होता, रुंद, नखं कापलेली. बापाला कधीतरी चुकता यावं, त्याची चूक चूक म्हणून त्याला सांगता यावी, एवढी मोकळीक त्यांनीच तिला देऊन ठेवली होती. ती तिला वापरता आली नाही. तिने त्यांची चूक सांभाळून, जपून, एका वर्षात केवढी मोठी करून ठेवली.

घरी जाताना ती गंगाधामच्या चौकातून बिबवेवाडीकडे वळणार होती. सिग्नलला थांबली तेव्हा वळायचा दिवाही लावला. सिग्नल सुटला आणि ती सरळ गेली. उद्या, असं म्हणाली. हेल्मेटच्या आत तो शब्द तिलाच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन गेला असता तर काही वेगळं झालं असतं का कोण जाणे. पण फोन आईचा आला. कांताबाई फोनवर नेहमी ओरडून बोलत, त्या दिवशी कुजबुजत होत्या. "अगं, यांनी तो लॅपटॉप पिशवीत घालून माळ्यावर टाकलाय. आणि लोकांचे कागद परत करतायत एकेकाचे. स्वतः जाऊन. काय झालं विचारलं तर म्हणतात, मला आकडे ऐकू येतात पण हातून उतरत नाहीत. तुझ्याशी काही बोलले का?" अक्षता म्हणाली, "नाही." तेही खोटंच, पण आता खोट्याची तिला मोजदाद राहिली नव्हती. "आणि दवाखान्यात चला म्हणतायत," आई म्हणाली, "स्वतःहून. आजवर कधी दातासाठीसुद्धा स्वतःहून गेले नाहीत."

तीच घेऊन गेली त्यांना. स्मरणशक्तीच्या डॉक्टर, तरुण बाई, चांगल्या होत्या, अहो काका म्हणत होत्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, परीक्षेला आल्यासारखे, खिशाला पेन. डॉक्टरांनी काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं. मग म्हणाल्या, शंभरातून सात वजा करत जा. ज्या माणसाने आयुष्यभर रकान्यांच्या बेरजा नुसत्या नजरेने केल्या त्याला हे विचारताना अक्षताला जमिनीत जावंसं वाटलं. "त्र्याण्णव," बाबा म्हणाले. "शहाऐंशी." मग थांबले. उत्तर त्यांना येत होतं, तिला त्यांच्या ओठांवर ते दिसत होतं. पण ते डॉक्टरांकडे बघत होते. "हे बरोबर आहे, की तुम्ही मला बरं वाटावं म्हणून मान हलवताय?" डॉक्टर हसल्या. "बरोबर आहे, काका. पुढे?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं, अक्षताकडे, जणू तिने सांगावं. आणि पुढचा आकडा त्यांनी म्हटला नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाहेर येऊन त्या तिला म्हणाल्या, सुरुवात असू शकते, नसूही शकते, वयही आहे, धास्तीही बरीच घेतलीय, सहा महिन्यांनी परत बघू. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की ही धास्ती माझी आहे, मी घातलीय ती. ती म्हणाली, "थँक यू, डॉक्टर." परतीच्या वाटेत रिक्षात बाबा एकदाच बोलले. "चांगल्या आहेत बाई. खोटं बोलत नाहीत."

त्या वाक्याने तिला पुढचा रविवार गाठायला लावला. आता सांगायचंच. काहीही होवो. फार तर रागावतील, बोलणं टाकतील. रागावलेला बाप तिला हवाच होता. पण त्यांना हे तरी कळेल की त्या दिवशी त्यांचे कान शाबूत होते, बोटं शाबूत होती. एवढं जरी परत देता आलं तरी पुष्कळ होतं. ती गेली तेव्हा आई भाजी आणायला बाहेर पडली होती. बाबा गॅलरीत त्याच टेबलाशी वर्तमानपत्र पसरून लसूण सोलत बसले होते. टेबल रिकामं असलं की एवढं मोठं दिसतं हे तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती समोर बसली आणि उगाच वेळ न घालवता म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. मी आकडे चुकीचे सांगितले."

बाबांनी पाकळी सोलून वाटीत टाकली. "घाईत होतीस. होतं."

"घाईत नाही. मुद्दाम. दोन्ही वेळा."

त्यांनी वर पाहिलं आणि हसले. इतके मायेने हसले की ती घाबरली. "आईने पढवलं वाटतं? त्यांना उभारी द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या असतील."

"नाही हो, बाबा. खरंच. शपथ."

"शपथा या घरात कधीपासून चालायला लागल्या?"

तेव्हा तिने फोन काढला. दुसरा काही उपायच उरला नव्हता. रिटर्न भरल्याची पावती उघडून तिने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी लसणाचे हात पंचाला पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन लांब धरला. आणि वाचायला लागले, तसेच, जसे ते नेहमी वाचत, एकेक ओळ, कुठे काही न सोडता. तारीख वाचली. ती ओटीपीच्या आधीची होती. अक्षता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आता राग फुटेल, आता फुटेल. त्यांनी तिला पुढची पानं दाखवायला लावली. "जुनी घेतलीय," ते म्हणाले. "बरोबर केलं. कर्ज आहे तोवर जुनीच बरी तुला." मग बोट तिथेच थांबलं. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"मागच्या वर्षी मी कोणती घेतली होती?"

तिने वर्तमानपत्रावरची लसणाची सालं एका जागी सारली.

"नवी," ते म्हणाले. विचारलं नाही त्यांनी; एखादी हरवलेली बेरीज जुळावी तसं म्हणाले. "म्हणून जास्त बसला होता. आनंदरावांना माहितीये?"

"हो."

"आईला?"

"नाही. बाबा, एकच चूक होती ती. कोणाचीही होते. नियम बदलला होता, त्या वर्षी सगळ्यांचाच गोंधळ झाला. माझं ऐका. मी फक्त..."

"म्हणजे तुला माझ्याआधी कळलं होतं."

ते रागावले नव्हते. आवाजात कुठे कडवटपणा नव्हता, आणि आयुष्यभर ज्यांच्या तिरकस बोलण्याला ती भीत आली त्यांच्याकडे आज तिच्यासाठी एखादं तिरकस वाक्यही नव्हतं. त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "मी आपला समजत होतो की हे त्या दिवसापासून सुरू झालं. हे जुनं आहे तर." असं म्हणून ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले, मागचं सगळं वर्ष उलगडून बघत असावेत तसे. त्यातले किती दिवस, किती कागद, किती माणसांची नावं त्यांनी आत्ता पुन्हा तपासायला घेतली असतील? तिने ज्यातून त्यांना बाहेर काढायला हात दिला होता त्यातच तिने त्यांना आणखी एक वर्ष मागे, आणखी खोल ढकललं होतं. खरं सांगण्याचीही एक वेळ असते, आणि ती निघून गेली की खरंसुद्धा खोट्याचंच काम करतं. तिला काहीतरी बोलायचं होतं. बाबा, ओरडा ना माझ्यावर, असं काहीतरी. बाबांनी लसणाचा दुसरा गड्डा फोडला.

"चांगलं भरलंय त्या मुलाने," ते म्हणाले. "त्याचा नंबर दे मला. माझं आणि आईचंही त्यालाच देऊ यंदा."

बेल वाजली. आई असेल म्हणून अक्षता उठली, निदान उठायला तरी मिळालं. दारात पहिल्या मजल्यावरचे तात्याराव उभे होते, एसटीतून निवृत्त झालेले, हातात कागदांची पिशवी. दर जुलैला ते याच दारात अशीच पिशवी घेऊन येत, साहेब वेळ आहे का म्हणत, आणि मग तासभर गॅलरीत राजकारण चाले. परत दिलेले कागद ते पुन्हा घेऊन आले होते. "अगं, साहेबांना म्हण, मला दुसरीकडे जायचं नाही. चुकलं तर चुकलं. आहेत ना?"

ती वळून काही बोलणार, तोच आतून बाबांचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत, दारापर्यंत सहज पोहोचणारा.

"त्यांना सांग, मी घरी नाही."

तात्यारावांनी ते ऐकलं. न ऐकायला काही कारणच नव्हतं. अक्षता त्यांच्याकडे बघत राहिली. दुसरा कोणताही दिवस असता तर हा माणूस हसत, चप्पल भिरकावून सरळ आत शिरला असता आणि म्हणाला असता, नसलात तरी बसतो, चहा टाका. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, आनंदच्याही, आणि आता आपला चेहराही बाबांना असाच दिसत असणार.

"बरं, बरं," तात्याराव हळू आवाजात म्हणाले. "बाहेर गेलेत होय. असू दे. येतील तेव्हा येतील. सांगूही नकोस मी आलो होतो म्हणून."

आणि ते जिना उतरायला लागले, कठड्याला धरून, चपलांचा आवाज होऊ न देता, आजारी माणसाच्या घरातून उतरावं तसे.